नाक्याच्या अलीकडची तीनशे बाके

नात्यातल्या लग्नात जेवणं झाली, की कुणीतरी खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "खरेदी विभागात ना तुम्ही? मग वरचं बरं असेल." मी सांगतो, वर पंखा आहे आणि तो तीन नंबरवरच चालतो. माझा देवपूरचा मेहुणा याच्याही पुढचा. आम्ही घरात नवी फरशी बसवली तेव्हा चपला काढता काढता त्याने विचारले, "दाजी, ही कोणत्या टेंडरमधली?" मी त्याला फरशीची पावती दाखवली. ती निरखून पाहून तो म्हणाला, "पावती तर असणारच. तुम्ही काय कच्चे आहात का?"

आता मी असल्या बोलण्यावर चिडत नाही. विद्यापीठाच्या खरेदी विभागात माझी सगळी नोकरी गेली. टाचणीपासून जनरेटरपर्यंत शेकडो वस्तूंचे कागद माझ्या हाताखालून गेले आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. तो का आहे, हे सांगायचे तर नोकरीच्या सुरुवातीला मी केलेल्या एका चुकीपासून सांगावे लागेल.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. विद्यापीठ नवे होते. पहिली काही वर्षे जळगाव शहरात भाड्याच्या इमारतीत कारभार चालला. मग गिरणा नदीपलीकडे, धुळ्याच्या रस्त्याला लागून, माळावर आमच्या स्वतःच्या इमारती उभ्या राहू लागल्या आणि कार्यालय तिकडे गेले. खरेदी विभागात आम्ही तिघे होतो. अधीक्षक, ज्यांना सगळे आबा म्हणत, मी आणि एक शिपाई. आबा चोपड्याचे. घरी केळीची बाग होती, पण त्यांना बागेपेक्षा फाईल प्रिय. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिले होते आणि माझा परिविक्षेचा काळ संपायला महिना. म्हणजे ते जायचे होते आणि मी पक्का व्हायचा होतो.

खरेदीचे नियम बाहेरच्या माणसाला किचकट वाटतात, पण ते चार वाक्यांत सांगता येतात. लहान वस्तू सरळ बाजारातून आणायची. त्याहून मोठी असेल तर तीन ठिकाणचे दर मागवायचे. आणखी मोठी असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बंद पाकिटात निविदा मागवायच्या, ठरल्या वेळी सगळ्यांच्या देखत उघडायच्या आणि मालाचा दर्जा ठीक असेल तर सगळ्यांत कमी दर ज्याचा, त्याला काम द्यायचे. त्याला द्यायचे नसेल तर का देत नाही, ते लिहून ठेवायचे. बस.

निविदांसाठी आमच्याकडे पत्र्याची एक पेटी होती. वर चीर, पुढे दोन कुलपे. एक किल्ली आबांकडे, दुसरी लेखा विभागाकडे. दुपारी तीनची वेळ दिली असेल तर तीन वाजता आबा त्या चिरेवर कागद चिकटवून सही करत. एकदा भुसावळचा एक व्यापारी तीन वाजून चार मिनिटांनी धापा टाकत आला. एसटी पंक्चर झाली होती, हात काळे होते, म्हणजे टायर बदलायला त्यानेही मदत केली असावी. आबांनी त्याला हात धुवायला पाणी दिले, चहा दिला, पेटी दिली नाही. तो गेल्यावर मी म्हटले, "आबा, चार मिनिटंच होती." आबा म्हणाले, "उद्या बसस्टँडवर कुणी तुझी कॉलर धरून विचारलं, याचं पाकीट का घेतलं, तर उभ्या उभ्या सांगता आलं पाहिजे. खुर्ची मागवून सांगावं लागलं, तर समज, काहीतरी पाणी मुरतंय."

नव्या इमारतीत पहिल्या परीक्षा व्हायच्या होत्या. त्यासाठी दोघांनी बसायची लाकडी बाके हवी होती, तीनशे. आम्ही जाहिरात दिली. लाकूड कोणते, फळीची जाडी किती, उंची किती, सगळे लिहिले आणि शेवटी एक अट घातली, की प्रत्येकाने एक नमुना आणून ठेवावा. ही अट आबांची. कागदावर सगळीच बाके मजबूत असतात, असे ते म्हणत.

पहिला नमुना आला तो एसटीच्या टपावरून. धुळ्याहून आलेली गाडी आमच्या फाट्यावर थांबली, कंडक्टर शिडीवर चढला आणि वरून दोरीने बांधलेले बाक खाली आले. त्याच्या मागोमाग साठीचा एक मिस्त्री उतरला. डोक्यावर पांढरी टोपी, कानाला पेन्सिल. फाट्यापासून आमच्या इमारतीपर्यंत ते बाक तो आणि आमचा शिपाई दोन टोकांना धरून घेऊन आले. धुळ्याच्या जुन्या भागात त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तो, त्याचे दोन भाऊ आणि एक करवत यंत्र, हे त्यानेच सांगितले.

नमुन्याच्या पावतीवर मी सही केली, तेव्हा त्याने माझे बोलणे ऐकून विचारले, "साहेब, आप भी धुलिया के लगते हो?"

"देवपूरचा."

"फिर तो अपने ही हुए!"

"चाचा, इथे मी कुठलाच नाही," मी म्हणालो. हे जरा कोरडे झाले, पण त्याने वाईट वाटून घेतले नाही. "सही बात," म्हणाला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

दुसरा नमुना भुसावळचा आणि तिसरा जळगावच्या एका फर्निचरवाल्याचा. हा शहरातला जुना दुकानदार, पांढरा सफारी घालणारा, हसतमुख. भाड्याच्या इमारतीत असताना आमच्या टेबलखुर्च्या बहुतेक त्यानेच पुरवल्या होत्या आणि चांगल्या पुरवल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. आबांनी तिन्ही बाकांवरची नावे काढायला लावली, खडूने एक, दोन, तीन लिहिले आणि शिपायाला प्रत्येकावर उभे राहून उड्या मारायला सांगितले. शिपाई म्हणाला, "आबा, पडलो तर?" आबा म्हणाले, "पडलास तर ते बाक बाद. तू नाही." तिन्ही बाके टिकली. धुळ्याच्या बाकाचा आवाजसुद्धा झाला नाही. त्यात खिळे जवळजवळ नव्हतेच, लाकडात लाकूड बसवलेले होते.

निविदा उघडल्या त्या दिवशी तिघेही हजर होते. आबांनी लाखेची मोहर प्रत्येकाला दाखवली, पाकिटे फोडली आणि दर मोठ्याने वाचले, आधी आकड्यात, मग अक्षरात. एका बाकाचा दर: धुळे सातशे अठ्ठावीस, जळगाव सातशे बेचाळीस, भुसावळ सातशे एक्क्याऐंशी. मी ते नोंदवहीत लिहिले आणि खाली तिघांच्या सह्या घेतल्या.

मिस्त्रीचा चेहरा खुलला होता. तेवढ्यात फर्निचरवाला हसून म्हणाला, "आबा, माझा दर सगळं धरून पोच आहे. चाचांनी काय लिहिलंय तेही वाचा की."

आबांनी वाचले. दराखाली मिस्त्रीने लिहून आणले होते, जकात लागल्यास वेगळी. भुसावळवाल्यानेही तसेच लिहिले होते.

"मग लावा जकात, आणि मग बोलू," फर्निचरवाला म्हणाला.

मिस्त्रीने आबांकडे पाहिले. धुळ्याचा माल जळगावात आणायचा तर नाक्यावर जकात भरावी लागते, हे खानदेशात कुणालाही माहीत होते. त्यालाही माहीत होते.

मी तुलनात्मक तक्ता केला. तक्त्याचा छापील नमुना आम्ही शहरातल्या इमारतीतच करून घेतला होता आणि त्यात जकातीचा रकाना होता. भाड्याच्या इमारतीत बाहेरगावची प्रत्येक गाडी जकातीची पावती घेऊन यायची. मी तो रकाना सवयीने भरला. तीन टक्क्यांनी मिस्त्रीचा दर सातशे एकोणपन्नास रुपये चौऱ्याऐंशी पैसे झाला, भुसावळचा आठशेच्या वर गेला. जळगाव सगळ्यांत कमी. गुणाकार मी तीन वेळा तपासला. आबांनी एकदा तपासून सही केली. खरेदी समितीने शिफारस केली आणि फर्निचरवाल्याच्या नावाची ऑर्डर टाईप होऊन कुलसचिवांच्या टेबलावर गेली. कुलसचिव बैठकीसाठी पुण्याला गेले होते, बुधवारी येणार होते.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या काचसामानाचा ट्रक आला. ड्रायव्हर शिंदखेड्याकडचा होता. मी चलन पाहिले, खोकी मोजली आणि सवयीने हात पुढे केला, "जकातीची पावती?"

"कसानी पावती?"

"नाक्यावर दिली असेल ना."

ड्रायव्हरने माझ्याकडे असे पाहिले, जणू काही मी कालच या भागात आलो आहे. "भाऊ, नाका पूलना पलीकडे शे. गाडी नाकावर गयीच नही, ते पावती कथाईन लयू?"

गाडी नाक्यावर गेलीच नाही, तर पावती कुठून आणणार? मी रस्त्याकडे पाहिले. ते मला रोज दिसत होते. फाटा, मग नदीवरचा पूल, पुलाच्या पलीकडे नाका, नाक्याच्या पलीकडे शहर. धुळ्याकडून येणारी गाडी आमच्या दारात पोचते तेव्हा शहराची हद्द अजून सुरूही झालेली नसते. आम्ही नाक्याच्या अलीकडे राहायला आलो होतो आणि तक्ता शहरातलाच घेऊन आलो होतो. मिस्त्रीच्या बाकांना एक पैसाही जकात नव्हती.

त्याच चलनाच्या पाठीवर मी हिशेब केला. सातशे बेचाळीस वजा सातशे अठ्ठावीस, चौदा. तीनशे बाके. चार हजार दोनशे रुपये. माझा तेव्हाचा दोन महिन्यांहून जास्त पगार विद्यापीठ जास्तीचा देणार होते, आणि ज्या माणसाने सगळ्यांत कमी दर दिला होता त्याची ऑर्डर दुसऱ्याच्या नावाने टाईप होऊन पडली होती. त्याला हे कधीच कळले नसते. समितीला कळले नसते. फर्निचरवाल्यालाही कदाचित ठाऊक नसेल. हे जळगावात फक्त मला आणि एका ट्रक ड्रायव्हरला माहीत होते आणि ड्रायव्हर पुढच्या गावाला निघाला होता.

मी लगेच आबांकडे गेलो असे लिहिले तर ते खोटे होईल. मी दोन तास जागेवर बसून राहिलो. चूक कबूल करण्याची लाज होतीच, पण खरी भीती वेगळी होती. मी देवपूरचा. समितीने जळगावच्या माणसाची शिफारस केल्यानंतर धुळ्याचा कारकून उठतो आणि सांगतो, काम धुळ्याच्या माणसाला द्या. यावर कोण काय बोलेल, ते मला अक्षरशः ऐकू येत होते. आणि माझ्या पक्के होण्याच्या कागदावर सही व्हायला महिना राहिला होता.

दुपारी आबांनी डबा उघडला तेव्हा मी चलन त्यांच्यासमोर ठेवले आणि सांगितले. आबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून पाठीवरचा हिशेब वाचला. मग खिडकीतून पुलाकडे पाहिले.

"तुला गणित येतं म्हणून घेतला होता," ते म्हणाले, "भूगोल कुणी विचारलाच नाही."

"चुकलं, आबा."

"तुझं एकट्याचं कुठे? खाली माझी सही आहे. मी तर रोज या पुलावरून येतो." तुकडा डब्यात ठेवून त्यांनी हात पुसले. "तू धुळ्याचा आहेस, हे लक्षात आहे ना?"

"तेच लक्षात आहे."

"मग टिपणी लिही. आणि पहिल्या ओळीत तेच लिही. लोक शोधून काढतील ते आपणच वर लिहून टाकावं, म्हणजे शोधायला काही उरत नाही."

मी लिहिले. "मी मूळचा धुळे येथील देवपूरचा रहिवासी आहे, हे प्रथम नमूद करतो." त्याखाली चूक काय झाली, कुणाची झाली, खरे आकडे कोणते. एका पानात बसले. आबांनी वाचून एकच सुधारणा केली. मी 'नजरचुकीने' असे लिहिले होते, तो शब्द त्यांनी खोडला. "नजर चांगली आहे तुझी. चुकीने एवढंच लिही."

पण नुसत्या माझ्या म्हणण्याला पुरावा हवा होता. मंगळवारी सकाळी मी सायकलवर पूल ओलांडून नाक्यावर गेलो आणि तिथून नगरपालिकेच्या जकात कचेरीत. तिथल्या अधिकाऱ्याला मी सांगितले, आमची इमारत हद्दीबाहेर आहे, तिथे उतरणाऱ्या मालाला जकात नाही, एवढे लिहून द्या. त्याने चष्मा वर केला.

"लोक इथे माल लपवायला येतात. तुम्ही काय, नसलेली जकात नाही असं लिहून न्यायला आलात?"

"हो."

"अर्ज करा. आठ दिवसांनी या."

"मला आज पाहिजे. उद्या ऑर्डरवर सही होईल."

"मग तुमच्या ऑर्डरसाठी पालिका पळेल का?" तो म्हणाला. पण नकाशा त्याने काढला. हद्दीची रेघ नदीच्या आमच्याच बाजूने कुठे वळते का, हे तो बोटाने तपासत गेला, आणि मी त्याच्या बोटाकडे पाहत होतो. रेघ पलीकडेच राहिली. दुपारी चार वाजता मला दोन ओळींचे पत्र मिळाले, शिक्क्यासह. शिक्का मारताना तो म्हणाला, "नोकरी नवी दिसते."

बुधवारी कुलसचिवांनी टिपणी वाचली, ऑर्डर बाजूला ठेवली आणि शुक्रवारी समिती पुन्हा बोलावली. एवढ्या वेळात बातमी पूल ओलांडून शहरात पोचली होती. शुक्रवारी बैठक सुरू व्हायच्या आधीच फर्निचरवाला दारात उभा. या वेळी तो हसत नव्हता.

"निविदा उघडल्यावर दर बदलता? हा कुठला कायदा?" तो कुलसचिवांना म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला. "पांझरेचं पाणी गिरणेत वळवायला निघालास का रे भाऊ?"

पांझरा धुळ्याची नदी, गिरणा जळगावची. समितीतल्या एका प्राध्यापकांना हसू आले. मी आबांकडे पाहिले, आबांनी मान हलवली, म्हणजे तूच बोल.

मी नोंदवही उघडून त्याच्यापुढे धरली. "यात चाचांचा दर किती लिहिलाय?"

"सातशे अठ्ठावीस."

"खाली सही कुणाची?"

"माझी आहे. म्हणून काय झालं?"

"त्यांचा दर तेव्हा सातशे अठ्ठावीस होता, आजही तोच आहे. तुमचाही तोच आहे. बदलला तो माझा तक्ता. तो चुकला होता. ती चूक मी लिहून दिली आहे आणि मी देवपूरचा आहे हेही लिहून दिलं आहे, पहिल्याच ओळीत." मी पालिकेचे पत्रही पुढे ठेवले.

त्याने पत्र वाचले. हुशार माणूस होता, भांडण कुठे सोडायचे ते त्याला कळत होते. खुर्चीवर बसला, रुमालाने कपाळ पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. माझा नवा दर घ्या. सातशे वीस. याच लाकडात, याच नमुन्याप्रमाणे."

मगाशी हसलेले प्राध्यापक म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. विद्यापीठाचा आणखी फायदा आहे. किती होतात?"

हा प्रश्न मला होता. "दोन हजार चारशे रुपये," मी म्हणालो.

"मग घ्या की. नियम पैसे वाचवण्यासाठीच आहेत ना?"

खरे सांगतो, आकडा माझ्या बाजूने नव्हता, आणि आयुष्यात मी आकड्याच्या विरुद्ध कधी बोललो नव्हतो. कुलसचिवांनी विचारले, "तुमचं काय म्हणणं आहे?" एवढ्या मोठ्या माणसांत एका परिविक्षाधीन कारकुनाला त्यांनी हे विचारले, यासाठी मी त्यांना अजून मानतो.

मी म्हणालो, "साहेब, आज दोन हजार चारशे मिळतील. पण आज हा दर घेतला तर पेटी उघडल्यावरही भाव करता येतो, हे सगळ्या बाजाराला कळेल. पुढच्या वेळी पेटीत खरा दर कुणीच टाकणार नाही. सगळे वाढवून टाकतील आणि उघडल्यावर उतरत बसतील. आणि धुळ्याच्या माणसाने त्याचा खरा दर सुरुवातीलाच टाकला होता. तो आज इथे हजरही नाही, त्याला उतरायची संधीसुद्धा नाही."

"तो नाही, कारण तू त्याच्या वतीने आहेस," फर्निचरवाला म्हणाला.

आबा पहिल्यांदाच बोलले. "शेठ, बेचाळीसचे वीस तुम्हाला परवडतात, हे आज समजलं. मग हे बावीस रुपये त्या दिवशी पाकिटात का नव्हते?"

फर्निचरवाला रुमालाची घडी घालू लागला. प्राध्यापक मात्र दिलखुलास होते. तेच म्हणाले, "बरोबर आहे, मी परीक्षेचा पेपर गोळा केल्यावर कुणाला पुरवणी देत नाही." समितीने ठराव बदलला. सातशे अठ्ठावीस, तीनशे बाके, दोन लाख अठरा हजार चारशे रुपये. तो आकडा मी स्वतः अक्षरात लिहिला.

चुकीबद्दल मला लेखी समज मिळाली. आबांनाही मिळाली, निवृत्तीच्या वर्षात. त्यांनी ती दोनदा वाचून फाईलला लावली आणि म्हणाले, "रास्त आहे." माझ्या समजपत्रावर कुलसचिवांनी खाली हाताने एक ओळ लिहिली होती, की चूक कर्मचाऱ्याने स्वतःहून निदर्शनास आणली, याचीही नोंद घ्यावी. महिन्याभरात मी पक्का झालो. त्या समजपत्राची प्रत माझ्या सेवापुस्तकात अजून आहे. पुढे बरी शेरेपत्रे मिळाली, पण कुणी विचारले तर मी आधी ते पान दाखवीन.

बाके तीन खेपांत आली. ट्रक धुळ्याहून येऊन पुलाच्या अलीकडेच वळायचा, नाक्याकडे न बघता. आबांनी प्रत्येक बाक हाताने हलवून पाहिले आणि फळीत गाठ होती म्हणून चार परत केली. मिस्त्रीने वाद न घालता ती पुढच्या खेपेत बदलून आणली. शेवटची खेप उतरली त्या दिवशी त्याने मला विचारले, "साहेब, ऑर्डर का कागज इतनी देर से क्यूं आया? हम तो समझे थे गया काम."

"कागद फिरत होता," मी म्हणालो.

"सरकारी कागज है, घूमेगाच," तो म्हणाला आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला सागवानी पाट काढला. उरलेल्या तुकड्यांचा केला होता, कडा सुरेख गोल केलेल्या. "घर के लिए. भाभी को देना."

मी नाही म्हणालो. तो खट्टू झाला. "पैसे देके तो लोगे?"

"मग तीन ठिकाणचे दर मागवावे लागतील, चाचा."

तो एवढ्या जोरात हसला, की ट्रकवरचे हमाल वळून पाहू लागले. पाट पुन्हा कागदात गुंडाळून, काखोटीला मारून तो फाट्याकडे गेला आणि धुळ्याची गाडी आली तेव्हा हात हलवून चढला.

सोमवार ते शुक्रवारात काय झाले, हे त्याला मी तेव्हा सांगितले नाही आणि नंतरही कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने माझे उपकार मानले असते, आणि मानण्यासारखे त्यात काही नव्हते. सातशे अठ्ठावीस हा त्याचा दर होता आणि तो सगळ्यांत कमी होता.